घरधन्याची संमती

कार्तिक वद्य ३, शके १८३५. बीड.

डॉक्टर राधाकिशन साहेबांनी आज दोन वह्या दिल्या. एक सरकारी आहे. तिच्यात गाव, मुलाचं नाव, बापाचं नाव, किती देवी टोचल्या आणि आठव्या दिवशी किती उठल्या, एवढं भरायचं आणि दर पंधरवड्याला दवाखान्यात दाखवायचं. दुसरी वही जास्तीची होती, ती ठेवून घे म्हणाले. तिच्यात काय लिहायचं हे त्यांनी सांगितलं नाही, तेव्हा तिच्यात मला वाटेल ते लिहीन.

मी भिवरा. मोमिनाबादच्या माळ्याची लेक. वडिलांना पोथी वाचायचा नाद होता, त्यांनीच अक्षरं गिरवून घेतली. सोळाव्या वर्षी सासरी देवी आल्या, त्यात मालक गेले आणि मी तोंडभर वण घेऊन उठले. सासरच्यांना माझं तोंड सकाळी बघायचं नव्हतं. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत, म्हणून दवाखान्यातल्या देवीच्या रोग्यांपाशी बसायला अशी बाई हवी होती. तिथं सहा वर्षं बसले. डॉक्टर साहेबांनी तिथंच मला टोचायला शिकवलं.

आता हैदराबादेहून गश्ती, म्हणजे सगळ्या दवाखान्यांना फिरवलेली हुकमाची चिठ्ठी, आली आहे. गोषातल्या घरांत पुरुष टोचणाऱ्याला शिरू देत नाहीत आणि तिथली मुलं कोरी राहतात, म्हणून अशा घरांसाठी बाई ठेवावी. पूर्ण जिल्ह्यात ती बाई मी.

मी साहेबांना विचारलं, घरधनी नको म्हणाला तर काय करायचं? ते हसले. म्हणाले, "बेटी, घरधन्याला विचारत बसलीस तर पावसाळा येईल. आई हो म्हणाली की टोच. बाकी मी आहे ना."

हे कागदावर मिळेल का, असं मी विचारलं. माझा शब्द हाच कागद समज, म्हणाले. ते खरंच आहे. या माणसाने मला हाताला धरून माणसांत आणलं.

कार्तिक वद्य १२. नेकनूर.

चार दिवस नेकनूरला आहे. सोबत दवाखान्याचा चपराशी रामकिसन. माझ्या बापाच्या वयाचा असेल. पेटी तो उचलतो, लसीच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवतो आणि वाटेने मला गावगावच्या पाटलांच्या खोड्या सांगतो.

माझ्या तोंडाचे वण इथं कामाला येतात. बायका म्हणतात, हिला देवीनं हात लावलाय, हिच्याकडून टोचून घेतलं तर देवी कोपायची नाही. मी हो म्हणत नाही, पण नाहीही म्हणत नाही. एका म्हातारीने माझ्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हा मात्र लाज वाटली.

एकतीस मुलं झाली.

मार्गशीर्ष शुद्ध ५. हिवरखेडी.

नेकनूरपासून दोन कोसांवर हे गाव. विठ्ठलराव देशमुखांचं. पाटील त्यांचाच, विहिरी त्यांच्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं त्यांच्याच शेतात राबतात.

चावडीवर बसून दवंडी पिटवली, तर दुपारपर्यंत कोणी येईना. शेवटी दगडाबाई म्हणून एक बाई आली. देशमुखांचा गोठा झाडते. तिला दोन मुली, येसू सातेक वर्षांची आणि ठकी तीनची. मला वाटलं त्यांनाच टोचायला आणलं, पण ती हळूच म्हणाली, "मपल्या लेकींचं मागून बगू. धाकल्या वहिनीसायबांनी बोलवलंय तुमाला. मागल्या दारानं या."

धाकट्या सूनबाई म्हणजे वच्छलाबाई. एकोणीस वर्षांची असेल. माहेर नगरकडचं, इंग्रजी मुलखातलं. तिकडे सगळ्यांना टोचतात. तिच्या दंडावरही चार वण होते, ते तिने आपणहून दाखवले. सात महिन्यांचा मुलगा मांडीवर. त्याच्या आधीची मुलगी मागच्या चैत्रात देवीने गेली.

मी म्हटलं, मामंजींना विचारलं का? ती म्हणाली, "इचारलं. म्हनले, देवी घरची हाय, तिला सुई दाखवायची न्हाई. बाई, म्या एक घालवलीय. तुमी टोचा, पुढचं म्या बगते."

चुलीपाशी बसून टोचलं. दिव्यावर टोचणी तापवली, गार केली, चार जागी लस घातली. पोरगं रडलं, तिने छातीशी धरलं आणि स्वतःही रडली. डाव्या दंडावर पातळ फडकं बांधून दिलं. निघताना माझा हात धरून म्हणाली, "काई झालं तर म्या सांगंन, म्याच बोलावलं व्हतं. देवाशपथ."

दगडाबाईच्या मुलींना टोचायला वेळ उरला नाही. आठव्या दिवशी येणारच आहे, तेव्हा करीन म्हटलं.

मार्गशीर्ष शुद्ध १३.

आठव्या दिवसाची तपासणी. वच्छलाबाईच्या मुलाच्या चारही देवी छान उठल्या होत्या, मोत्यांसारख्या. हात सुजलेला, अंगात कणकण. हे व्हायलाच हवं असतं. मी तिला समजावत होते तोच विठ्ठलराव स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. एरवी पुरुष तिथं येत नाही.

ते ओरडले नाहीत. मुलाच्या दंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रामकिसनला बाहेर हाक मारून सांगितलं की हिला वेशीबाहेर काढ. वच्छलाबाई खाली बघत उभी होती. तिला त्या क्षणी बोलायला कसं जमणार? सासरा समोर. मी समजू शकते.

वेशीबाहेर काढलं म्हणून दगडाबाईच्या मुली राहूनच गेल्या.

पौष शुद्ध २. बीड.

समन्स आलं. विठ्ठलरावांनी अदालतीत दावा लावला आहे. रामकिसनने दवाखान्यातल्या एका कारकुनाकडून वाचून घेतलं ते असं: सदर बाईने घरात कोणी पुरुष नसताना जबरीने शिरून नातवाला सुई टोचली, त्यामुळे मूल आजारी पडलं आणि खानदानाची अब्रू गेली. शिवाय त्यांच्या वकिलाने असंही मागितलं आहे की घरधन्याची लेखी संमती असल्याशिवाय तालुक्यात कोणालाही टोचू नये, असा हुकूम व्हावा.

तशीच साहेबांकडे गेले. ते खुर्चीतून उठून आले आणि म्हणाले, "घाबरू नको. दावा तुझ्यावर नाही, गश्तीवर आहे. सरकारी कामाला सरकार उभं राहील."

मग जरा बरं वाटलं.

पौष शुद्ध ६.

अदालतीत देण्यासाठी माझा जवाब लिहायचा होता. अदालतीचं कामकाज उर्दूत. मला उर्दू येत नाही. साहेबांनी स्वतः बसून कारकुनाला मजकूर सांगितला, अर्धा तास आपलं काम सोडून. मी समोर उभी होते. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यासारखीसाठी एवढं करावं. कारकुनाने खाली बोट ठेवलं तिथं मी मराठीत सही केली.

बाहेर आल्यावर रामकिसनने विचारलं, "वाचून घेतलं का, बाई?"

मी म्हटलं, साहेबांनी सांगितलेलं काय वाचून घ्यायचं?

"तरी बी. कागद हाय त्यो."

त्याला मी बरंच बोलले. ज्याच्या भाकरीवर जगतो त्याच्याबद्दल असं मनात आणणं बरं नाही म्हटलं. तो पेटी पुसत राहिला.

पौष वद्य १.

तारीख पडली ती पुढे गेली. तोवर मला गावांत जायची बंदी. दवाखान्यातच बसते.

दगडाबाई बाजाराला आली होती, ती भेटून गेली. वच्छलाबाईचा निरोप विचारला. निरोप काही नव्हता. म्हणाली, वहिनीसायब बरेच दिवस दिसल्या न्हाईत, वरच्या खोलीत असत्यात. पोरगं सासूजवळ, थोरल्या बाईसायबांजवळ असतं, गाईचं दूध पाजत्यात.

वच्छलाबाई आजारी असावी. थंडीही फार आहे यंदा. बाळंतपणानंतर नीट विश्रांती मिळाली नसेल, आता मिळते आहे तर बरंच.

मी दगडाबाईबरोबर निरोप पाठवला की तारखेला या, खरं तेवढं बोला, दुसरं काही नको.

पौष वद्य ९.

दगडाबाईने एका गाडीवानाबरोबर सांगून पाठवलं: निरोप पोचवला. वहिनीसायब रडल्या.

माझ्यासाठी तिचा जीव तुटतो आहे. ती बोलेल. जिने देवाची शपथ घेतली ती बोलेल. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

साहेबांनी मात्र आज हाक मारली नाही. व्हरांड्यातून दोनदा गेले. कामाचा फार ताण आहे त्यांना, वरून कोणी तपासनीस येणार आहेत म्हणतात.

माघ शुद्ध ४.

लिंबागणेशच्या जत्रेला चाललेल्या गाड्यांनी रस्ता भरला होता. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. उद्या तारीख.

माघ शुद्ध ५.

लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

मुन्सिफ साहेब वयस्क, मऊ बोलणारे. विठ्ठलराव पुढच्या बाकावर. वच्छलाबाईला पडदे लावलेल्या छकड्यात आणलं होतं, अदालतीच्या आवारात लिंबाखाली. गोषातली बाई म्हणून तिची जबानी घ्यायला अदालतीचा अमीन बाहेर गेला. छकड्याजवळ तिची सासू उभी होती. मी खिडकीतून बघत होते. पडदा हलला नाही, आवाजही ऐकू आला नाही. अमीन एवढ्या लवकर परत आला की मला वाटलं तिने सगळं एका वाक्यात सांगून टाकलं.

त्याने वाचलं आणि मुन्सिफ साहेबांनी माझ्यासाठी मराठीत सांगायला लावलं. "सदर बाईला मी बोलावलं नव्हतं. ती मागच्या दाराने शिरली. मी नको नको म्हणत असता तिने माझ्या मांडीवरून मूल ओढून घेतलं."

मांडीवरून ओढून घेतलं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, हे खोटं आहे, दगडाबाईला विचारा, तिनेच मला निरोप आणला. त्यांच्या वकिलाने विचारलं, दगडाबाई कुठं आहे? ती नव्हती. तिला त्या दिवशी कापसाच्या गाड्या भरायला लावलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग मुन्सिफ साहेबांनी माझा जवाब काढला. तोही मराठीत सांगायला लावला, बहुधा माझी दया येऊन. त्यात असं होतं की मला महकम्याकडून, म्हणजे दवाखान्याच्या खात्याकडून, घरधन्याच्या परवानगीशिवाय टोचण्याचा कोणताही हुकूम नव्हता, डॉक्टर साहेबांनी तोंडीसुद्धा तसं सांगितलेलं नव्हतं, आणि जे घडलं ते मी माझ्या मनाने व अज्ञानाने केलं, त्याची माफी असावी.

मुन्सिफ साहेबांनी कागद माझ्याकडे वळवला. "ही सही तुमची?"

डॉक्टर साहेब मागच्या बाकावर बसले होते. मी वळून बघितलं. ते टोपी हातात घेऊन तिची किनार बघत होते.

"माझीच," मी म्हटलं.

माघ शुद्ध ११.

निकाल. मला समज देऊन सोडलं, दंड नाही. पण टोचण्याचा परवाना रद्द. आणि तालुक्यात यापुढे घरधन्याच्या लेखी संमतीशिवाय कोणाही मुलाला टोचू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा पाटलासमोर घ्यावा आणि पाटलाने साक्ष घालावी.

मी मुन्सिफ साहेबांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर जे कागद होते त्यावरून त्यांनी निकाल दिला. पोराच्या आईने नको म्हटलं असतं तर मीही टोचलं नसतं.

डॉक्टर साहेबांनी संध्याकाळी बोलावलं. म्हणाले, "तपासनीस आले होते, बेटी. गश्तीत बाई ठेवा लिहिलंय, न विचारता टोचा असं कुठं लिहिलंय? माझ्या घरात सात माणसं आहेत. तू एकटी आहेस." मग म्हणाले की नोकरी जाणार नाही. बाटल्या धुवायच्या, हत्यारं उकळायची, ते काम राहील.

मला त्यांच्या तोंडावर काहीतरी बोलायचं होतं. सकाळपासून जुळवून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते, बरं साहेब.

माझ्याच हाताने हे इथं लिहिते, म्हणजे उद्या मला विसरता येणार नाही.

माघ वद्य ८.

बाटल्या धुते. रामकिसन समोर येतो, तेव्हा मी दुसरीकडे बघते. त्याने एकदाही, मी म्हटलं होतं ना, असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

वच्छलाबाईचा विचार दिवसातून पंचवीस वेळा येतो. साहेबांना पोट आहे, भीती आहे, हे कळतं. पण तिने तर शपथ घेतली होती. मुलगी गेल्याचं सांगताना तिचा आवाज जसा झाला होता, तो खोटा नव्हता. मग ओढून घेतलं हे शब्द तिला सुचले कुठून? नको होतं बोलायला तर गप्प राहायचं. मला वाटतं, मोठ्या घरच्या माणसांना आपल्यासारखी माणसं वापरून टाकायचीच सवय असते.

फाल्गुन शुद्ध ९.

नेकनूरला देवी निघाल्या. दोन घरं.

फाल्गुन वद्य ६.

आता आठ गावं. पुरुष टोचणारा छापील कागदांचा गठ्ठा घेऊन फिरतो. लोकांना वाटतं कागदावर अंगठा दिला की जमीन जाते. कोणी द्यायला तयार झालंच, तर पाटील साक्ष घालत नाही, कारण उद्या मूल दगावलं तर आपल्या गळ्यात येईल असं त्याला वाटतं. गेल्या पंधरवड्यात सबंध तालुक्यात तेरा कागद झाले. तेरा. मी एका दिवसात त्याहून जास्त करत होते.

साहेब हे आकडे बघून डोकं धरून बसले होते. मी हत्यारं ठेवून बाहेर आले.

चैत्र शुद्ध ४, शके १८३६.

पाडव्याला गाठी कोणी बांधल्या नाहीत यंदा. आणि आज सकाळी दवाखान्यापुढे एक छकडा उभा राहिला. विठ्ठलरावांचा. पुढे बसलेल्या कारभाऱ्याने साहेबांच्या हातात कागद दिला. हिवरखेडीत देवी आल्या आहेत. थोरल्या मुलाची दोन मुलं घरात आहेत, त्यांना टोचून द्यावं, घरधन्याची लेखी संमती सोबत जोडली आहे. घर गोषाचं असल्याने पुरुषाला पाठवू नये, त्याच बाईला पाठवावं.

त्याच बाईला.

साहेबांनी मला कागद दाखवला. माझा परवाना नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, मी आज तुला तोंडी परवानगी देतो. मग माझ्याकडे बघून थांबले, आणि आत जाऊन चार ओळी मराठीत लिहून सहीशिक्का करून आणल्या. त्यात फक्त देशमुखांच्या घरापुरती परवानगी होती. लसीच्या सहा नळ्या दिल्या, एका नळीत तीन मुलं होतात. दोन मुलांना सहा कशाला, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

जाणार नव्हते. पण त्या मुलांनी माझं काय केलं होतं?

विठ्ठलराव ओसरीवर होते. मला बसायला पाट दिला. मागच्या वेळी याच माणसाने मला वेशीबाहेर काढलं होतं, त्याचं काही चिन्ह त्यांच्या तोंडावर नव्हतं. दोन्ही मुलांना टोचलं. मग मी म्हटलं, वस्तीतली मुलं उरलीत. तुमच्या शब्दाने पाटील साक्ष घालेल. लस माझ्याजवळ आहे.

ते म्हणाले, "अदालतीनं कायदा घालून दिलाय, बाई. ज्याचं त्यानं लिवून द्यावं. म्या कोन दुसऱ्याच्या लेकरांचा घरधनी?"

मागच्या बाजूला वच्छलाबाई उभी होती. मुलगा कडेवर, गुटगुटीत. देवीच्या गावात तो एकटा निर्धास्त होता. मी पेटी बांधत होते. ती अगदी जवळ आली. मग म्हणाली, "म्हैनाभर दिलं न्हाई मला लेकरू. खाली रडायचं, वर ऐकू यायचं. दूध पिळून टाकायचे म्या. जबानी दे, मग घे, म्हनले."

मला दगडाबाईचं बाजारातलं बोलणं आठवलं. वरच्या खोलीत असत्यात. गाईचं दूध पाजत्यात. मी याच वहीत लिहिलं होतं की तिला विश्रांती मिळते आहे.

मी तिला म्हटलं, आता मामंजी बाहेर बसलेत. एवढंच सांगा त्यांना माझ्यासमोर, की मला कोणी बोलावलं होतं. दुसरं काही नको.

तिने मुलाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मान हलवली. नाही.

मला सगळं कळलं. कळलं तरी माझ्याकडून तिला माफी देववेना. तशीच निघाले.

वस्तीत गेले. कागद नव्हते, साक्ष नव्हती, परवानगी देशमुखांच्या घरापुरती. दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले होते, तीन घरांत देवी आल्या म्हणून फोडणी बंद. मी उघड्यावर, चिंचेखाली बसले आणि म्हटलं, ज्याला आणायचं त्याने आणा. नऊ मुलं आली. नऊही टोचली.

दगडाबाई दारातच उभी राहिली. येसू आणि ठकी तिच्या लुगड्याला धरून. दोघींना अजून ताप नव्हता. मी म्हटलं, आण, उशीर झालेला नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या हाव. पर तुमच्यामागं तुमचाच डाक्तर उभा ऱ्हायला न्हाई. वाड्यानं सांगितलंय, बिनकागदाचं टोचून घेतलं तर काम बंद. उद्या मला कोन इचारनार?"

मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. आई नको म्हणत होती. अदालतीत माझ्याविरुद्ध जे खोटं म्हटलं गेलं, ते मी आता खरं करून दाखवू का, असं मनात आलं. हे कागदावर कबूल करते. मला तिच्या मुलींपेक्षा त्या वेळी माझाच विचार जास्त होता. पेटी उचलून छकड्याकडे गेले. दोन नळ्या शिल्लक होत्या. बीडला पोचेपर्यंत उन्हाने बिघडल्या.

चैत्र शुद्ध १२.

आठवा दिवस. रामकिसनला घेऊन पायी गेले, साहेबांना विचारलं नाही. नऊही मुलांच्या देवी उठल्या. येसूला परवापासून ताप आहे, पाठ दुखते म्हणते. कपाळावर बारीक लाल ठिपके. मी बघितलं आणि दगडाबाईने माझ्या तोंडाकडे बघितलं.

रामकिसन परतायला निघाला तेव्हा त्याला सांगितलं, मी येत नाही, इथंच राहते, साहेबांना कळव. मला पुन्हा देवी येत नाहीत, तेवढा तरी उपयोग होऊ दे. तो म्हणाला, "सायबांनी कालच त्या नऊ पोरांची नावं मपल्याकडून घेतली. आपल्या वहीत घातली, दवाखान्याचंच काम म्हनून."

घालू देत.

चैत्र वद्य १०. हिवरखेडी.

दगडाबाईच्या झोपडीत बसून लिहिते. तेरा दिवस इथंच आहे. कडुलिंबाच्या पाल्याने वारा घालणं, ताकाच्या पाण्याने तोंड ओलं करणं, पाठीखालचं फडकं बदलणं. येसूच्या देवी तोंडाच्या आत, डोळ्यांत उतरल्या होत्या. ती काल दुपारी गेली. वस्तीतल्या चार बायका आणि मी. ठकीला तापाचा आजचा तिसरा दिवस आहे, पण तिच्या देवी विरळ आहेत. ती जगेल असं वाटतं. मी तसं बोलले नाही.

टोचलेली नऊ मुलं चिंचेखाली खेळतात. त्यांतल्या दोघांच्या घरांत देवी आहेत, तरी ती खेळतात.

वाड्यातून वच्छलाबाईने कोणाबरोबर तरी तांब्याभर दूध पाठवलं. दगडाबाईने ते ठकीला पाजलं. मी अडवलं नाही आणि निरोपही दिला नाही.

दगडाबाई काल रडली नाही. आज सकाळी ठकीला थोपटता थोपटता माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या न्हाई म्हनले त्या दिशी. तुमाला तर ठावं व्हतं. तुमी जोर कावून केला न्हाई, बाई? हिसकून कावून घेतल्या न्हाईत मपल्या लेकी?"

मी तिच्याजवळ बसून आहे. कडुलिंबाच्या पाल्याने ठकीला वारा घालते आहे.